एक पाटा जादा

परवा पिकअपचे मागचे पाटे बदलले आणि रात्री खर्च लिहायला वही उघडली. वही १९९८ पासूनची आहे, सुरुवातीची पानं वडिलांच्या अक्षरात. डिझेल, टायर, पासिंग, पाटे. सहज मागे चाळत गेलो तर ‘पाटे’ हा शब्द चौदा ठिकाणी सापडला. त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा आम्ही चुकीचे पाटे घेतले होते, हे आज कळतंय.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या टोमॅटो बाजाराला लागून. हंगामात संध्याकाळी क्रेट भरायचे, ओतूरवरून माळशेज उतरायचा आणि उजाडायच्या आत वाशीचं मार्केट गाठायचं. एका क्रेटमध्ये वीस किलो माल. पहिली गाडी कागदावर सव्वा टनाची, म्हणजे साठ-बासष्ट क्रेटची. आम्ही शंभराच्या खाली कधी भरले नाहीत. सगळेच तसं करत होते, हे समर्थन तेव्हा पुरेसं वाटायचं.

वहीतला पहिला पाटा २००१ च्या पावसाळ्यातला. घाट उतरून मुरबाडच्या अलीकडे एका खड्ड्यात ‘ठण्ण’ झालं आणि गाडी डावीकडे कलली. दिवसा मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, यू-बोल्ट सोडले आणि मेन पाट्याचे दोन तुकडे माझ्या हातात दिले. तुकडा बरोबर सेंटर बोल्टच्या भोकातून झाला होता. तुटलेल्या तोंडाचा भोकाकडचा भाग काळपट, गंजलेला होता आणि उरलेला लख्ख, साखरेसारखा दाणेदार. “मालक, हा काल नाही तुटला,” मिस्त्री काळ्या भागावर नख ठेवून म्हणाले. “हा इथून कधीचा फाटत आलाय. काल फक्त सुटला.” भोक पडलं की तिथं पाट्याचा जीव कमी होतो, आणि यू-बोल्ट सैल असले तर सगळं वाकणं त्याच जागी येतं. सेंटर बोल्टचं काम पाटे एका ओळीत ठेवायचं आणि अॅक्सल जागेवर बसवायचं. आवळून धरतात ते यू-बोल्ट. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पण तेवढंच. त्यापुढचा धडा शिकायला अठरा वर्षं गेली.

कारण त्या दिवशी आम्ही तेच केलं जे त्या काळी सगळा तालुका करत होता: एक पाटा जादा टाकला. वर दुसऱ्या आणि तिसऱ्या पाट्याची जाडी वाढवली. जुनी आठ मिलिमीटरची होती, मिस्त्रींनी दहाची पट्टी काढली. दोनच मिलिमीटर तर वाढतात, असं वाटलं. पण पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. रुंदी आणि लांबी तीच ठेवून आठाचा दहा केला की तो पाटा जवळपास दुप्पट ताठ होतो. हे गणित मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी ऐकलं असतं की नाही, शंका आहे. शंभर क्रेट भरून गाडी मागून बसली नाही, याचाच आनंद इतका होता.

पुढची काही पानं पाट्याविना जातात. वडिलांनी एके ठिकाणी ‘पाट्याची कटकट गेली’ असं लिहिलंय. आणि त्याच पानांवर दुसऱ्या नोंदी सुरू होतात. शॅकलच्या पिना-बुश, वर्षात दोनदा. मागच्या चाकाचं बेअरिंग. मग २००६ मध्ये ‘चासीला वेल्डिंग’. पाट्याच्या मागच्या ब्रॅकेटपाशी चासीला केसासारखी चीर पडली होती. पाटा वाकायचा बंद झाला, तेव्हा खड्ड्याचा दणका वर चासीत आणि खाली अॅक्सलमध्ये गेला. वाशीहून परतताना मोकळी गाडी दावं तुटलेल्या वासरासारखी उधळायची. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की मागची चाकं घसरायची.

ब्रेकची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अॅक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत दांडी असते. गाडी मागून जेवढी बसेल, तेवढा मागचा ब्रेक जास्त लागू द्यायचा, हे त्या व्हॉल्व्हचं काम. पाटे ताठ केले की माल भरूनही गाडी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी मोकळी आहे आणि तो मागचा ब्रेक आखडतो. दोन टन टोमॅटो घेऊन आम्ही कित्येक वर्षं माळशेज असा उतरलो. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

वहीत विनोदही आहेत. २००९ ला दुसऱ्या गाडीचा पाटा मी स्वतः उलटा बसवून घेतला. सेंटर बोल्टपासून पुढच्या टोकापर्यंतचं अंतर आणि मागच्या टोकापर्यंतचं अंतर सारखं नसतं, हे मला माहीत नव्हतं, आणि मिस्त्रींचा पोरगा नवीन होता. एका बाजूचं चाक मडगार्डच्या मागच्या कडेला घासायला लागलं तेव्हा आम्ही दोघं टायरवाल्याशी भांडून आलो. तेव्हापासून पाटा आणायचा तर मिस्त्रींसारखा सुतळीने मापतो. मेन पाट्याच्या वाकावरून सुतळी टेकवत न्यायची, सेंटर बोल्टपाशी खडूची खूण, दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी लिहायची. रुंदी, प्रत्येक पाट्याची जाडी, टोकाच्या गुंडाळीत बसणाऱ्या बुशचं माप. दुकानदाराला गाडीचं नाव सांगून भागत नाही. एकाच नावाची गाडी दर दोन-तीन वर्षांनी वेगळे पाटे घेऊन येते.

गाड्याही बदलत गेल्या. १९८८ मध्ये टाटामोबाईल आली तेव्हा पिकअप ही हौसेची चीज होती. २००५ ला छोटा हत्ती आला आणि गल्लीतला माल त्याने उचलला. बोलेरो पिकअप शेतकऱ्याची झाली, २०११ ला दोस्त आली, २०२२ ला योद्धाने दोन टन कागदावरच लिहून दिले. जे वजन आम्ही चोरून भरायचो, ते कंपन्या राजरोस द्यायला लागल्या.

पाटेही बदलले. सात-आठ पट्ट्यांच्या जुड्याऐवजी दोन-तीन पॅराबोलिक पाटे आले, मधे जाड, टोकाला पातळ. ते एकमेकांवर घासत नाहीत, हलके असतात, मोकळी गाडीही मऊ चालते. मात्र घासणंच नाही म्हटल्यावर झोल थांबवायचं सगळं काम शॉकअॅब्सॉर्बरवर पडतं, तो मेला की गाडी होडीसारखी डुलते. आणि त्यात घरची पट्टी घुसवता येत नाही. आमच्या शेतरस्त्यांवर मला अजून जुना जुडाच बरा वाटतो. आठातला एक तुटला तर सात घेऊन हळूहळू घरी येता येतं, तीनातला एक तुटला तर तिथंच बसावं लागतं. डांबरावरच चालणाऱ्याने माझं ऐकू नये.

स्वस्तात पडलेला एक व्यवहारही लिहिलेला आहे. २०१४ ला बसलेल्या पाट्यांना घणाने ठोकून कमान देऊन घेतली. थंड पाटा ठोकून चढवला की दिसतो नव्यासारखा, पण टिकत नाही. स्प्रिंगचं पोलाद तापवून, तेलात विझवून, पुन्हा ठरावीक तापमानाला आणून तयार होतं. घणाने त्यात काही परत येत नाही. दोन महिन्यांत पाटे होते तिथं आले.

खरी अक्कल दंडाने आली. २०१९ च्या दुरुस्तीने जादा मालाचा दंड दोन हजारांवरून वीस हजारांवर गेला, वर दर जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल उतरवायचा तो वेगळाच. महाराष्ट्रात हे दर लागू व्हायला वेळ लागला, पण आकडे सगळ्यांच्या तोंडी झाले होते. तेव्हा पहिल्यांदा मी गाडी वजनकाट्यावर नेली. मोकळी, भरलेली, आणि दोन्ही वेळा नुसती मागची चाकं काट्यावर घेऊन. एवढी वर्षं गाडी चालवली आणि मागच्या अॅक्सलवर किती किलो येतात हे माहीत नव्हतं! त्या चार आकड्यांनी पाट्याचा प्रश्न सोपा केला. गाडीला कंपनीने दिले तेच पाटे, तीच जाडी, तेवढीच संख्या. जोडीने बदलायचे, एका बाजूचे कधीच नाही. यू-बोल्ट दर वेळी नवे, कारण एकदा ताणून आवळलेला बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. आणि पाचशे किलोमीटरनंतर परत आवळायचे.

परवा दुकानात मिस्त्रींच्या पोराने, आता तोच मिस्त्री, सवयीने विचारलं, “काका, एक जादा टाकू का? मार्केटला जाणार ना?” नको म्हणालो. जुन्या गाडीचा तो २००१ चा जादा पाटा घराच्या कोपऱ्यात पडून होता, दहा मिलिमीटरचा, कुठंही न तुटलेला. गेल्या दिवाळीत लोहाराकडे दिला. त्याने त्याचे दोन कोयते काढून दिले. धार छान धरतात.