यात्रेकरू आणि प्रवासी

प्रवासाला निघताना माणूस घराला कुलूप लावतो. घरच्या चालीरीती मात्र शिदोरीबरोबर बांधून नेतो. परमुलखात काय पाहावे, कोणाबरोबर हिंडावे, कशाला बिचकावे, हे पुष्कळसे त्याच्या संस्कृतीने आधीच ठरविलेले असते. गीर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाने १९८० च्या आपल्या ग्रंथात निरनिराळ्या राष्ट्रांची तुलना करून दाखविले, की काही समाजांत ‘मी’ आधी येतो, तर काहींत ‘आम्ही’.

आपल्याला याचा पडताळा तुळजापुरात मिळतो. तेथे सहसा माणूस येत नाही, कुटुंब येते. नवे जोडपे असो, जावळ असो की नवस असो, कुलदेवतेचे दर्शन हे कुळाचे कार्य होय. कल्लोळतीर्थावर हातपाय धुवावेत, गोंधळ घालावा, रांगेत तासन् तास उभे राहावे. या कष्टांची तक्रार नसते, कारण कष्ट हाच यात्रेचा भाग असतो. उलट मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी १८५३ साली नळदुर्गास आला, तो कारभारासाठी. त्याने हा मुलूख कुतूहलाने न्याहाळला आणि १८६३ साली ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. एकाचे ते दर्शन, दुसऱ्याचे ते निरीक्षण.

पण म्हणून राष्ट्र हा माणसाच्या कपाळावरचा शिक्का मानावा काय? मुळीच नाही. आश्विनी पौर्णिमेला सोलापूरकडून पायी येणाऱ्यांत मराठी असतात, तसे कानडीही असतात. भाषा निराळी, प्रांत निराळा, वागणे मात्र एकच. आणि तेच कुटुंब दुसऱ्या दिवशी नळदुर्गचा पाणीमहाल पाहायला गेले, की डबे उघडते, छायाचित्रे काढते, मुलांना मोकळे सोडते. संस्कृतीइतकाच स्थळाचा हेतूही वागणे घडवितो. शिवाय हॉफस्टेडचे आकडे समाजाच्या सरासरीचे आहेत. समोरच्या पाहुण्याचे नव्हेत.

हा विवेक यजमान गावाला फार उपयोगाचा आहे. परदेशी पाहुणा देवळाच्या दारात जोड्यांसह उभा राहिला, तर तो आपल्याला उद्धट वाटतो. रांगेतली आपली रेटारेटी त्याला तशीच वाटते. दोघेही दुसऱ्याचे वागणे आपल्या कोशात शोधतात. मात्र किल्ल्याच्या भिंतीवर नाव कोरणे ही कोणाचीच संस्कृती नव्हे. तेथे समजूत नको, मनाईच हवी. बाकीच्या गोष्टींसाठी मराठी, कानडी आणि इंग्रजीत लिहिलेली एक स्वच्छ पाटी रागापेक्षा अधिक काम करील.