अंगणात गेलेली शाळा

जाफराबाद तालुक्यातल्या एखाद्या गावातल्या अंगणवाडीत सकाळी डोकावा. तीन वर्षांचं पोर आणि सहाला टेकलेली त्याची बहीण एकाच सतरंजीवर बसलेली असतात. घरी दखनी बोलणारी मुलगी आणि घरी मराठवाडी बोलणारा मुलगा एकाच पातेल्यातली खिचडी खातात. याला तिथं कुणी ‘सर्वसमावेशक शिक्षण’ म्हणत नाही. गावात खोलीच एक, म्हणून सगळे एकत्र. पण लहान मुलांची शाळा त्यांच्या अंगणाशी न्यायची, ही कल्पना महाराष्ट्रात आधी रुजली ती डहाणूकडच्या किनाऱ्यावर. आणि तिथं जी पद्धत वापरली गेली, ती आली होती रोमहून.

मारिया माँटेसरी डॉक्टर होत्या. त्यांचं मुलांबरोबरचं काम सुरू झालं ते ‘मंदबुद्धी’ म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांपासून. 1907 च्या जानेवारीत त्यांनी रोमच्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत पहिलं बालगृह उघडलं. आज ‘माँटेसरी’ अशी पाटी दिसली की आधी फीचा आकडा आठवतो, म्हणून हे सांगायला हवं: ही पद्धत जन्मली तीच कुणाला नको असलेल्या मुलांसाठी.

ती सगळ्यांना पुरते कशी, हे तिच्या साधनांत दिसतं. लाकडी ठोकळ्यात कमी-जास्त मापाच्या दहा खाचा आणि तितकेच दट्टे. एक चुकीच्या जागी बसला की शेवटी एखादा दट्टा बसतच नाही. चूक बाईंनी दाखवावी लागत नाही, लाकूडच दाखवतं. कुणी ओरडत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. हळू चालणारं मूल हळू चालतं, चपळ मूल पुढे जातं, आणि पाच वर्षांचं पोर तिनाच्या पोराला गुंडी लावून दाखवतं. शिकवणाराही त्यातून शिकतो, हा त्यातला दुहेरी फायदा.

ही पद्धत बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी भावनगरला गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करताना आत्मसात केली. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, 1936 साली दादरला शिशुविहार. दादरच्या मध्यमवर्गानं तो उचलून धरला. ताराबाईंचं मात्र तेवढ्यावर भागलं नाही. 1945 साली त्या डहाणूकडच्या किनाऱ्यावर, बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथं त्यांना येऊन मिळाल्या आणि शेवटपर्यंत त्याच भागात राहिल्या. अनुताईंचं बालपणीच लग्न झालं होतं आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आलं होतं. स्वतःचं शिक्षण त्यांनी हट्टानं पुरं केलं होतं.

बालवाडी उघडली म्हणून गरिबाघरची मुलं आपणहून येत नसतात. धाकट्याला सांभाळायला थोरली घरी थांबते, आई कामावर जाते, मूल अंघोळीविना तसंच खेळत राहतं. तेव्हा या दोघींनी शाळाच वस्तीवर नेली. अंगणात मुलं जमवायची, नखं कापायची, तोंड धुवायचं, मग गाणी आणि खेळ. पुढे जवळच्याच कोसबादच्या टेकडीवर वारली आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरली: गुरं चरतात तिथंच शिकणं. कुणी मागे राहतं ते बुद्धी कमी म्हणून नव्हे, वेळ आणि अंतर जुळत नाही म्हणून, हे त्यांना उमगलं होतं. माझ्या मते त्यांच्या कामाचं मोठेपण साधनांपेक्षा या एका समजुतीत आहे.

साधनंही त्यांनी बदलली. परदेशी नमुन्याचे महागडे संच कुठून आणणार? शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, बांबूचे तुकडे. रंग, आकार, लहान-मोठं, सगळं त्यातून शिकता येतं. हरवलं तर नवीन आणायला दुकान लागत नाही, आणि मुलाच्या घरी जे आहे तेच शाळेत मानाचं ठरतं. घरी वारली बोलणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी प्रमाण मराठीपुढे मुकं व्हावं लागू नये, यालाही अशा ओळखीच्या वस्तूंचा आधार होतो.

मग आली विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. वरवर किरकोळ सोय वाटते, पण थोरल्या बहिणीची शाळा वाचते ती इथं. 1962 साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, 1985 साली अनुताईंना पद्मश्री. या दोन सन्मानांच्या मधल्या काळात, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर सरकारी कागदावर चढला. शब्द पोचला, पण पोषण आहार, वजनाची नोंद आणि रजिस्टरं यांच्या ओझ्याखाली दट्टे आणि शिंपले बरेचसे मागे पडले.

पूर्णा-केळनेच्या काठच्या जाफराबाद तालुक्यात दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटतो. वेचणीला आया पहाटेच निघतात. थोरली पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन अंगणवाडीच्या दारात येते, त्याला आत सोडते आणि उंबऱ्यावर क्षणभर रेंगाळते. तिची स्वतःची शाळा पलीकडे आहे. घंटा झालेली असते. ती आतल्या पोराकडे बघते, मग रस्त्याकडे.