पत्र्यावरचे गाव

धातू शाई पीत नाही, ही अडचण पत्र्यावर चित्र छापण्याच्या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी आहे. कागदाचे तंतू शाई शोषून घेतात, मातीची भिंत तर ओला रंग पोटातच घेते; गुळगुळीत पत्र्यावर मात्र शाई नुसती पसरते आणि बोट लागताच फिसकटते. आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेले शिळामुद्रण, म्हणजे तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या गुणाच्या आधारे चुनखडीच्या सपाट दगडावरून चित्र छापण्याची रीत, कागदापुरती उत्तम चालली. परंतु दगड आणि पत्रा हे दोन्ही कठीण असल्याने एकावर दुसरा दाबून ठसा सर्वत्र सारखा उमटत नसे. १८७५ मध्ये इंग्लंडमधील रॉबर्ट बार्कले याने या दोहोंच्या मध्ये मऊ आवरणाचा एक रूळ आणला आणि दगडावरील चित्र आधी रुळावर व मग रुळावरून पत्र्यावर उतरवले. कागदाच्या छपाईत पुढे विसाव्या शतकात रूढ झालेली ऑफसेट पद्धत अशी आधी पत्र्यासाठी जन्मली.

तिचा लाभ बिस्किटांच्या डब्यांनी भरपूर उचलला. रेडिंग येथील हंटले अँड पामर्ससारख्या कारखान्यांच्या डब्यांसाठी कथिलाचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्यावर चित्रे छापली जात. अशा छपाईत आधी पांढरे अस्तर देतात, कारण शाई पारदर्शक असते व खालच्या धातूची छटा तिला काळवंडवते. मग एकेक रंग छापून पत्रा भट्टीत वाळवतात. या डब्यांवर गवताने शाकारलेली घरे, गुरे, सुगीची शेते वारंवार दिसतात, आणि ते स्वाभाविकही होते: १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्सची निम्म्याहून अधिक वस्ती प्रथमच शहरी ठरली होती. बिस्किटे संपली तरी डबा फेकला जात नसे. कारखान्याच्या धुरात राहणाऱ्या कुटुंबाच्या फळीवर तो कारखान्यातच छापलेले खेडे मांडून बसे.

आजच्या घरांतील भिंतीवर लागते ती ॲल्युमिनियमची पातळ चकचकीत पाटी, आणि तिच्यावर चित्र चढवण्याची एक प्रचलित रीत संप्लवनाची आहे. संप्लवन म्हणजे घन पदार्थाने द्रव न होता थेट वायुरूप घेणे. चित्र प्रथम एका खास कागदावर उलटे, आरशातल्यासारखे छापतात. तो कागद पॉलिएस्टरचा लेप दिलेल्या पाटीवर पालथा घालून सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेत दाबला की रंग वायुरूप होऊन लेपात शिरतो आणि थंड होताच तेथेच कोंडला जातो. म्हणजे येथेही धातूने शाई घेतलेली नसतेच. दीडशे वर्षांपूर्वी रूळ मध्यस्थ होता, आता लेप आहे.

महाराष्ट्रात अशा पाट्यांवर वारली चित्रे आवडीने छापून घेतली जातात. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत कुडाच्या भिंतीला शेणमातीने लिंपून वर गेरूचा हात देतात आणि तांदळाच्या पिठात पाणी व डिंक कालवून केलेला पांढरा रंग, टोक चावून कुंचल्यासारखे केलेल्या बांबूच्या काडीने, त्यावर चढवतात. लग्नघरी सवासिनी काढतात तो चौक, ज्यात पालघट देवी बसते, हा विधीचा भाग होय; लग्न लावणारी धवलेरी हीसुद्धा स्त्रीच. कार्य आटोपले की ती भिंत चुलीच्या धुराच्या आणि पुढच्या सारवणाच्या स्वाधीन होते, आणि त्याचे कोणाला वैषम्य वाटत नाही. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी कलावंत भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू परिसरातील चित्रकारांच्या हाती कागद दिला, आणि त्यांपैकी जिव्या सोमा मशे यांनी विधीबाहेरही रोज चित्र काढून ही कला देशोदेशी नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भिंतीवरून सुटलेले चित्र त्यानंतर कापड, कप, साडी असे फिरत पत्र्यावर पोहोचले, यात नवल काही नाही.

नवल आहे ते पांढऱ्या रंगाचे. संप्लवनाच्या शायांत पांढरी शाई नसते. पाटीवर दिसणारा पांढरा हा खालच्या लेपाचाच. कुडाच्या भिंतीवर गेरू आधी आणि तांदूळ शेवटी येतो, टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांचा माणूस काडीच्या प्रत्येक टेकण्यासरशी जाड-बारीक होतो. पाटीवर छापला जातो तो फक्त गेरू, आणि तारपा या वाद्याभोवती फेर धरणारी माणसे म्हणजे त्या गेरूत राखलेल्या मोकळ्या जागा असतात. त्यातच कारागीर चित्र उलटे करायला विसरला तर सगळा फेर विरुद्ध दिशेने फिरू लागतो, आणि विकत घेणाऱ्याच्या ते सहसा लक्षातही येत नाही. अतिनील किरणांनी क्षणात सुकणाऱ्या शायांच्या यंत्रात पांढरी शाई असते हे खरे. त्या पाटीवरून बोट फिरवले तर पांढऱ्या रेघेचा किंचित उंचवटा लागतो, मात्र पिठाच्या रेघेत असतो तो खरखरीतपणा तेथे नसतो.