पहिला घास कोणता द्यावा?

गेल्या दिवाळीत आमची पुण्याची नात करमाळ्याला आली, ती कानांत बोंडे घालूनच. फराळाच्या ताटाशीसुद्धा ती मोबाईलवर जपानी चित्रमालिका पाहत बसे. आमच्या सौभाग्यवतींनी दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलेच, "एवढी घोडी झालीस, अजून कार्टून काय बघतेस?"

नात काही बोलली नाही. हातातली चकली ताटात ठेवून उठली आणि माडीवर निघून गेली.

मी जन्मभर मास्तरकी केली आहे. मूल न बोलता उठून जाते, तेव्हा त्याचे काहीतरी मोलाचे आपण पायदळी तुडवलेले असते, एवढे मला कळते. रात्री मी माडीवर गेलो आणि म्हणालो, "मलाही दाखव की!"

तिला कोण आनंद झाला! लगेच तिने आपली सर्वांत लाडकी मालिका लावली. 'वन पीस' तिचे नाव. समुद्रावरच्या चाच्यांची गोष्ट. १९९९ साली सुरू झाली, हजारावर भाग झाले, तरी संपण्याचे नाव नाही. त्यातही तिने मधलाच भाग लावला, कारण "खरी मजा इथून आहे, आबा!" कोण कुणाचा वैरी आणि कोण कुणाचा मित्र, काही उमजेना. पंधराव्या मिनिटाला मी घोरू लागलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही कमलाभवानीच्या दर्शनाला गेलो. तिथल्या ९६ पायऱ्यांच्या बारवेजवळ बसलो असता मी तिला म्हणालो, "बाळ, उष्टावणाच्या दिवशी मुलाला कोणी पुरणपोळी भरवत नाही. आधी खीर चाटवतात. तुला काय आवडते, ते नंतर. मला आणि आजीला काय पचेल, ते आधी बघ."

नात विचारात पडली. वाचकहो, हा विचार आपणही करण्यासारखा आहे. कारण घरोघरी हेच चालले आहे. मुले दाखवायला उत्सुक असतात, पण मोठी माणसे 'कार्टून' म्हणून नाक मुरडतात.

जपानी माणूस हलत्या चित्रांच्या कोणत्याही कृतीला 'ॲनिमे' म्हणतो. आपल्याकडे हा शब्द जपानी चित्रांपुरताच रुळला आहे. आणि आपण समजतो तितके त्यात नवखेही नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ज्या मोगलीसाठी मुले अंघोळी आटोपून बसत, ती मालिका जपानातच तयार झालेली होती. गाणे तेवढे आपल्या गुलजारांचे! युगो साको या जपानी गृहस्थांनी आपल्या राम मोहन यांच्या साथीने १९९२ साली अख्खे रामायण चित्रित केले. २४ जानेवारी २०२५ रोजी ते आपल्या चित्रपटगृहांत पुन्हा झळकले. ज्या घरातल्या आजी-आजोबांना जपानी नावे परकी वाटतात, त्यांनी इथूनच आरंभ करावा.

आमच्या नातीने मात्र 'माय नेबर टोटोरो' निवडला. हायाओ मियाझाकी यांचा हा १९८८ सालचा चित्रपट दीड तासाच्या आतच संपतो. आवाज जपानी, खाली इंग्रजी ओळी. आमच्या सौ.ना त्या वाचता येईनात, तेव्हा नात स्वतःच मराठीत सांगू लागली.

घरात टीव्ही येण्यापूर्वीचे खेडेगाव, अंगणात पाण्याचा हापसा, भोवती शेते. सौ. म्हणाल्या, "हे तर आपल्या लहानपणचंच दिसतंय!" दोन बहिणी वडिलांसह तिथे राहायला येतात. आई दूर इस्पितळात असते. रानातला एक अगडबंब, केसाळ प्राणी त्यांचा सोबती होतो. भर पावसात तो बसथांब्यावर डोक्यावर एवढेसे पान ठेवून उभा राहतो, तेव्हा सौ. पदर तोंडाला लावून हसल्या.

पुढे इस्पितळातून निरोप येतो की आईचे येणे लांबले. थोरली शेजारच्या आजीपुढे ढसाढसा रडते. धाकटी आईला बरे वाटावे म्हणून मक्याचे कणीस उराशी धरून एकटीच निघते. इथे नातीचा आवाज थांबला.

"अगं, पुढे काय म्हणते ती?" सौ.नी विचारले.

"तिला पण कोणी नीट सांगत नाही, आजी."

चार वर्षांपूर्वी आमची सूनबाई तीन आठवडे इस्पितळात होती. तेव्हा नातीला आम्ही इथे आणून ठेवले होते. ती आईचे विचारी आणि आम्ही तिच्या हातावर लाडू ठेवून विषय बदलत असू. सौ.नी काही न बोलता तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या रात्री आजी-नात उशिरापर्यंत बोलत होत्या.

तर मंडळी, नवख्याला आधी चित्रपट द्यावा, लांबलचक मालिका नंतर. शाळकरी मुलांसह पाहायला 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' (१९८९) आहे. तेरा वर्षांची चेटकीण घर सोडून घरोघरी सामान पोचवत पोट भरते. दहा-बारा वर्षांपुढच्यांना 'स्पिरिटेड अवे' (२००१) द्यावा. त्याला २००३ साली ऑस्कर मिळाले. कॉलेजातल्यांना माकोतो शिंकाई यांचा 'युवर नेम' (२०१६). मात्र 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' घाईने लावू नये. युद्धात होरपळलेल्या भावा-बहिणीची ती करुण कहाणी. जपानात ती 'टोटोरो'बरोबर एकाच दिवशी, एकाच खेळात दाखवली गेली होती! चित्रे काढलेली असली म्हणजे गोष्ट बालकांचीच असते, असे नव्हे. म्हणून लहानग्यांना दाखवण्यापूर्वी आपण एकदा पाहून घ्यावे आणि शक्यतो त्यांच्याजवळ बसूनच दाखवावे.

नात पुण्याला परत गेली. मी आता 'वन पीस' पहिल्या भागापासून लावला आहे. रोज एक भाग. हजार पुरे होईतो आयुष्य पुरेल न पुरेल, पण दर रविवारी फोन येतो, "आबा, कुठवर आलात?" आणि मी सांगण्याआधीच सौ. पलीकडून ओरडतात, "आज झोपले नाहीत गं!"