ओझ्याचा जमाखर्च

ही रविवारची पुरवणी ज्या घटकेला वाचकांच्या दारात येऊन पडते, त्या घटकेला गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील फळे-भाजीपाला विभागाचा आठवड्यातला सर्वांत गर्दीचा दिवस निम्म्याहून अधिक उरकलेला असतो. कारण येथील साप्ताहिक सुट्टी शनिवारची, आणि त्या सुट्टीमुळे खोळंबलेला सारा माल मध्यरात्र उलटताच ट्रक-टेम्पोंच्या रांगांनी गाळ्यांपुढे येऊन उभा राहतो. आग्रा-इंदूरचा बटाटा, कर्नाटक-गुजरातकडचा कोबी, पुरंदरचा घेवडा आणि वाटाणा ही सारी आवक उजाडण्यापूर्वी खाली उतरवून, तोलून, लिलावात लागलेल्या भावाने खरेदीदाराच्या गाडीत पुन्हा चढवावी लागते, आणि या दोन्ही क्रियांच्या मध्ये, सर्व यंत्रयुगाला न जुमानता, अजूनही एक मनुष्याची पाठ असते. रविवारची सुट्टी आपणांस पंचांगाइतकी सनातन वाटते. परंतु मुंबईच्या गिरणी कामगारांना ती १० जून १८९० पासून मिळू लागली, आणि तीही नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक पुढाऱ्याने कित्येक वर्षे अर्ज-विनंत्या, सभा आणि ‘दीनबंधु’ पत्रातील लेख यांचा नेट धरला म्हणून. आपल्या विश्रांतीच्या दिवशी दुसऱ्या कुणाचा तरी भर कामाचा दिवस असतो ही गोष्ट तेवढी त्या कथेत सहसा सांगितली जात नाही.

कष्टांनी माणूस घडतो, संकटे हीच खरी शाळा, असे आपल्याकडे फार श्रद्धेने बोलले जाते, आणि सत्कारसमारंभातील भाषणांत तर या विधानावाचून हार घालण्याची वेळच येत नाही. मला या विधानाविषयी बराच काळ संशय वाटत आला आहे. कष्टच जर माणसाला वाढवीत असते, तर पाऊणशे वर्षांपूर्वी नाना पेठ आणि भवानी पेठ या भुसार बाजारांत शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन दिवसभर येरझारा घालणारा हमाल हा पुण्यातला सर्वांत विकसित पुरुष ठरावयास हवा होता. प्रत्यक्षात तो अकाली म्हातारा, बहुधा निरक्षर, सावकाराचा देणेकरी आणि शहरात राहूनही शहराच्या नोंदीत नसलेला असा मनुष्य होता. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात आघातानंतर होणाऱ्या मानसिक विकासाचा जो विचार मांडला, त्याचाही पुष्कळदा असाच विपर्यास केला जातो. वस्तुतः त्यांचे प्रतिपादन असे की विकास आघातातून होत नाही, आघातानंतर त्याच्याशी जी झुंज द्यावी लागते तिच्यातून तो झाला तर होतो. हा ‘झाला तर’ फार महत्त्वाचा आहे. झुंज देण्यासाठी पायाखाली काही जमीन लागते, आणि ती जमीन कोठून यावी हा प्रश्न व्याख्यानांत सुटत नाही. पुण्याच्या बाजारात तो कसा सोडविला गेला हे मात्र पाहण्यासारखे आहे.

बाबा आढाव यांचा जन्म १ जून १९३० चा. आयुर्वेदाचे शिक्षण घेतलेला, राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेला हा तरुण नाना पेठेत दवाखाना घालून बसला, तेव्हा त्याच्याकडे येणाऱ्या रोग्यांत बाजारातल्या हमालांचा भरणा मोठा होता. कुणाची कंबर धरलेली, कुणाच्या छातीत कळ, कुणाची मान कायमची एका अंगाला कललेली. औषध द्यावे, चार दिवस विसावा घ्यायला सांगावे, आणि विसाव्याचे चार दिवस म्हणजे चार दिवसांची उपासमार असल्यामुळे दुसऱ्याच दिवशी तोच रोगी पुन्हा पोत्याखाली उभा राहावा, असा हा क्रम होता. ज्या व्याधीचे कारण शरीरात नसून बाजाराच्या वहिवाटीत आहे, तिच्यावर पुड्या बांधून देत राहण्याचा ज्यांना कंटाळा येत नाही असे वैद्य पुष्कळ असतात, आणि त्यांना दोष देण्याचेही कारण नाही. आढावांना मात्र ते जमले नाही. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यावर हमाल पंचायत ही संघटना उभी राहिली, आणि पुढे यथावकाश दवाखाना मागे पडून पंचायत हेच त्यांचे आयुष्य झाले.

आवडीच्या कामासाठी चालता व्यवसाय सोडणे ही गोष्ट हल्ली फार आकर्षक रीतीने सांगितली जाते, आणि सांगताना घरखर्चाचा विषय सफाईने वगळला जातो. आढावांच्या पत्नी शीलाताई या परिचारिका होत्या. घराला त्यांच्या नोकरीचा आधार होता. चरित्रकारांनी अशा आधाराची नोंद तळटीपेत न करता पहिल्या प्रकरणात करावी, असे मला वाटते. कारण मनाजोगे काम करण्याची मुभा ही बहुधा कुणाच्या तरी नेमस्त पगारातून, कुणाच्या तरी रात्रपाळीतून निर्माण होते. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र ज्याच्या घरी असा दुसरा पगार नाही, त्याला ‘आवडेल तेच काम कर’ असा उपदेश करणे म्हणजे भुकेल्याला पाककृतीचे पुस्तक भेट देण्यासारखे आहे.

हमालाच्या दुःखाचे मूळ शोधू गेले तर ते पोत्याच्या वजनाइतकेच हिशेबाच्या अभावात सापडते. गिरणीतल्या कामगाराला एक मालक होता, हजेरीपट होता, त्याच्या नावाची नोंद कुठल्यातरी दप्तरात होती. हमालाला सकाळी एका आडत्याचा माल उतरवायचा, दुपारी दुसऱ्याच्या गोदामात थप्पी लावायची, संध्याकाळी तिसऱ्याची गाडी भरायची; म्हणजे कामाला धनी दहा आणि जबाबदारीला धनी एकही नाही. पाय मोडला तर कोणत्या धन्याकडे दाद मागावी? थकला तर कुणाच्या पेढीवर पुंजी मागावी? दर मुकादमाच्या तोंडी, मजुरी हाती पडेल तेव्हा, आणि तीही आगाऊ उचलीतून कापून. अशा माणसाला काटकसरीचे, शिस्तीचे किंवा आत्मोन्नतीचे धडे देणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की त्याच्यापाशी काटकसर करण्याजोगी स्थिर रक्कमच नव्हती.

१९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम हा या गुंत्यावर काढलेला तोडगा होय, आणि माझ्या मते आपल्या राज्याने केलेल्या कायद्यांत कल्पकतेच्या दृष्टीने त्याचे स्थान फार वरचे आहे. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची जी प्रचंड संघटना बांधली आणि पुण्यात पंचायतीने जो आग्रह धरला, त्यांच्या रेट्याशिवाय तो झाला नसता. त्याची युक्ती अशी की, हमालाला एक मालक नाही हे वास्तव मान्य करून मालकाच्या जागी एक मंडळच उभे करावयाचे. सरकार, व्यापारी आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी त्यावर बसतात. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंद करावयाची, हमालानेही करावयाची; कामाची मजुरी व्यापारी हमालाच्या हातावर न ठेवता मंडळात भरतो, आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्हीही भरतो. मंडळ टोळीचा हिशेब करून महिन्याचा पगार हमालाला देते, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजेचा पगार, दवाखान्याचा खर्च यांची तजवीज करते. दहा गाळ्यांवर विखुरलेले काम एका वहीत आले. वाचायला हे रुक्ष वाटेल. परंतु ज्या माणसाच्या बापाला आजचा दिवस कसा जाईल याखेरीज दुसरा विचार करण्याची सोय नव्हती, त्याला पुढल्या जूनमध्ये मुलाची फी कोठून भरायची याचा विचार करता येऊ लागला, आणि भविष्यकाळाचा विचार करता येणे ही मानसिक वाढीची पहिली पायरी नव्हे काय? पंचायतीची पतसंस्था झाली, आणि सावकाराच्या ओट्यावर बसणारा माणूस तिच्या सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारू लागला.

पोत्याच्या वजनाची कथा याहून लांबली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका माणसाने वाहावयाच्या कमाल भाराविषयी करार केला आणि त्याच्या जोडीच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविली. भारताने त्या करारावर मान्यतेची मोहोर उमटविली ती २०१० मध्ये, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी. मधल्या काळात धान्याचे, साखरेचे पोते शंभर किलोचेच का असावे याला कसलेही शास्त्र नव्हते. शंभर किलोचा क्विंटल हिशेबाला सोयीचा, आणि बारदानाचा खर्च एका पोत्याचाच येतो, एवढेच. कारकुनाच्या सोयीसाठी कण्यांच्या चकत्या झिजत होत्या. पन्नास किलोच्या पोत्याची मागणी पंचायतीने आणि राज्यातल्या इतर हमाल संघटनांनी वर्षानुवर्षे चालविली आणि आता बव्हंशी ते पोते रूढ झाले. यातही एक खोच आहे, ती बाहेरच्यांच्या ध्यानात चटकन येत नाही: हमाली नगावर ठरते, त्यामुळे वजन निम्मे झाले की नगाचा दर किती हा वाद पुन्हा उभा राहतो, आणि वजन उतरले म्हणून उत्पन्नही उतरू नये यासाठी दरवाढीच्या वाटाघाटीला नव्याने बसावे लागते.

आता हमालाला आपले काम आवडते काय, हा नाजूक प्रश्न. कौशल्याचा अभिमान त्याला असतो यात शंका नाही. भुसार विभागात छताला भिडणारी थप्पी रचताना खालच्या थरातील पोती कशी आडवी-उभी सांधायची, फळीवरून चढताना पाऊल कोठे टाकायचे, पाठीवर पोते घेताना श्वास केव्हा धरायचा, ही विद्या पुस्तकात नाही आणि दोन दिवसांत येतही नाही. चांगल्या टोळीचे काम पाहत राहावे असे असते. तरीही माझी समजूत अशी की त्यांपैकी फार थोड्यांना आपला मुलगा याच पाठीने वाढावा असे वाटत असेल. कामावरचे प्रेम आणि कामातून सुटकेची इच्छा ही दोन्ही एकाच मनात शेजारी-शेजारी नांदू शकतात, आणि त्यांतली एक खोटी ठरवण्याची घाई करण्याचे कारण नाही.

याउलट जिथे काम करणाऱ्यांच्याच हाती कामाची रचना राहिली, तिथे प्रेमाचे स्वरूप निराळे दिसते. १९७४ साली, दुष्काळाच्या झळा आणि महागाई यांच्या पार्श्वभूमीवर, पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ हे उपाहारगृह सुरू केले. घरापासून दूर राहणाऱ्या हमालाला भाकरी, झुणका, भाजी, ठेचा असे पोटभर अन्न ना नफा ना तोटा तत्त्वावर मिळावे, हा हेतू. अनेक दशके भाकऱ्या थापणाऱ्या स्त्रियांसाठी ते हक्काच्या रोजगाराचे ठिकाण राहिले. भाकरी करण्याच्या कामाला घरात कोण विचारतो? तेच काम पगार, पाळी आणि हजेरी यांच्या चौकटीत आल्यावर त्याला पत चढली.

वाढ म्हणजे केवळ पगार आणि पतपेढी असेही मी म्हणत नाही. १९७२ पासून आढाव ‘एक गाव एक पाणवठा’ या मोहिमेसाठी महाराष्ट्रभर हिंडले, दलितांना गावच्या विहिरीवर पाणी का भरू देत नाहीत हा प्रश्न त्यांनी गावोगावच्या चावडीवर विचारला. ज्या पेठांत ही संघटना जन्मली, त्यांच्याच देवळांत, भवानी पेठेतल्या पालखी विठोबात आणि नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबात, दरवर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या मुक्कामाला उतरतात. वारीत शेजारी चालणाऱ्यांनी गावी परतल्यावर विहिरी वेगळ्या का ठेवाव्यात, हा प्रश्न वारीहून परतणाऱ्या हमालाला समजण्यास कठीण नव्हता. मजुरीच्या दरावरून एकत्र आलेला माणूस जातीच्या दरीविषयी बोलू लागला, तर त्याच्या वाढीचे आणखी काय प्रमाण मागावे? हाच धागा पुढे १९९३ साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांच्या पंचायतीपर्यंत गेला. लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांनी त्या बांधणीचा भार उचलला, बाबा पाठीशी उभे राहिले, आणि कचराकुंडीत हात घालणाऱ्या बाईच्या गळ्यात महापालिकेने मान्य केलेले ओळखपत्र आले. पोलिसाने हटकल्यावर दाखवायला काही असणे म्हणजे काय, हे ज्यांच्या खिशात जन्मापासून कागदपत्रे असतात त्यांना समजावून सांगणे अवघड आहे.

आढाव ८ डिसेंबर २०२५ रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षात, गेले. अखेरच्या वर्षांत त्यांचा आग्रह दोन गोष्टींवर होता. पहिली, माथाडी कायद्यात २०२३ साली शासनाने सुचविलेल्या दुरुस्त्यांना विरोध. त्यांमुळे कायद्याचे संरक्षण पातळ होईल अशी भीती कामगार संघटनांनी व्यक्त केली, तर बोगस माथाडींच्या नावाने चालणारी खंडणी थांबविण्यासाठी त्या हव्यात अशी बाजू दुसरीकडून मांडली गेली, आणि खंडणीची तक्रार निराधार आहे असेही म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट निवृत्तिवेतनाची. अरुणा रॉय यांच्यासह पेन्शन परिषदेच्या झेंड्याखाली ते दिल्लीला जंतरमंतरवर जाऊन बसले होते, ते केवळ हमालांसाठी नव्हे. यार्डातल्या नोंदीत हमालाच्या नावावर आज निदान भविष्यनिर्वाह निधी आहे; त्याच्याच गाळ्यासमोर पाट्या वाहणाऱ्या, रस्त्याकडेला निवडलेली मेथी विकायला बसणाऱ्या आणि टेम्पो हाकणाऱ्या माणसांच्या म्हातारपणाची नोंद अजून कुठल्याच मंडळाच्या वहीत नाही.