बाबांचं मिग आणि माझा एअरब्रश

सप्टेंबर २०२५मध्ये हवाई दलाची मिग-२१ रिटायर झाली आणि नोकरीभर त्यांचीच इंजिनं उघडणारे आमचे बाबा एकदम गप्प झाले. म्हटलं, बर्थडेला १:७२ स्केलचं मॉडेल देऊ या.

पहिल्याच वीकेंडला पंख सँडपेपरसारखे खरखरीत! अ‍ॅक्रिलिक रंग हवेतच वाळत होता. एअरब्रश जवळ आणला, प्रेशर २० पीएसआयच्या खाली घेतलं. मग थिनर जास्त झालं, तर कोळ्याच्या पायांसारखे ओघळ! दुधाइतका पातळ रंग ठेवल्यावर जमलं. मध्येच ब्रश थुंकायला लागला. सुईच्या टोकावर रंग सुकला होता. थिनरमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसला.

बाबांनी चष्मा लावून पंखावर बोट फिरवलं. म्हणाले, ‘सर्व्हिसिंग कोणी केलं?’

‘मीच!’

‘पास!’