यंत्रांची इर्जिक

इ. स. १९०४ च्या फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात ७ तारखेस, रविवारी, मालाच्या एका वखारीला आग लागली. वारा सुटला होता. पाहता पाहता आग एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर झेपावू लागली. मदतीसाठी शेजारच्या शहरांना तारा गेल्या आणि वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया इत्यादी ठिकाणांहून आगीचे बंब येऊन दाखल झाले. माणसे शूर होती, बंब चांगले होते. परंतु पुष्कळ बंबांच्या नळ्यांची तोंडे बाल्टिमोरच्या नळांना बसेनात! प्रत्येक शहराने आपल्या नळांचे आटे आपापल्या मापाने पाडलेले होते. मदत दारात उभी होती. पण तिचा उपयोग करता येत नव्हता. सुमारे तीस तास आग चालू राहिली आणि पंधराशेंहून अधिक इमारती भस्मसात झाल्या.

आट्यांच्या मापासारखी क्षुल्लक वाटणारी गोष्ट केवढ्या महत्त्वाची असते, हे या प्रसंगावरून दिसून येते. इंग्लंडातील जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकाराने ते साठ वर्षांपूर्वीच ओळखले होते. त्या काळी प्रत्येक कारखाना आपल्या मनास येईल त्या मापाचे आटे पाडीत असे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे. मग यंत्र बिघडले की मूळ कारखान्याकडेच धाव घ्यावी लागे. व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट जमविले, त्यांची मापे घेतली आणि त्यांच्या सरासरीवरून १८४१ साली सर्वांनी पाळावे असे एक माप सुचविले. पुढे निरनिराळ्या देशांनी आपापली प्रमाणे ठरविली. १९४७ साली आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संस्था स्थापन झाली आणि अनेक मापे जगभर एक होऊ लागली. आज ‘एम ८’ हा बोल्ट मुंबईत घ्या की बर्लिनमध्ये. त्याचा बाहेरचा व्यास ८ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधील अंतर सर्वसाधारणपणे १.२५ मिलिमीटर असणार. ‘६०८’ क्रमांकाचे लहानसे बेअरिंग घ्या; त्याचे भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर व रुंदी ७ मिलिमीटर. मुलांच्या चाकांच्या बुटांत जे बेअरिंग फिरते, तेच एखाद्या यंत्राच्या दांड्यावरही बसते.

मापे अशी सर्वांची झाली, तरी यंत्रे मात्र सर्वांची झाली नाहीत. बोल्ट बाजारात मिळतो. पण यंत्राचा आराखडा बहुधा कारखान्याच्या कपाटात कुलूपबंद असतो. एखादा खास भाग मोडला, तर तो कसा घडवावा हे गावच्या लोहाराला वा फिटरला कळण्यास मार्ग नसतो. नवा भाग येईपर्यंत यंत्र उभे राहते, आणि पेरणी तर कोणासाठी थांबत नाही.

मार्चिन याकुबोव्स्की यांना याच अडचणीने एका नव्या मार्गाला लावले. पोलंडमध्ये जन्मलेल्या या गृहस्थांनी अमेरिकेत पदार्थविज्ञानाची डॉक्टरेट मिळविली. परंतु आपल्या विद्येचा प्रत्यक्ष जीवनात काही उपयोग व्हावा, या ओढीने ते मिसुरी राज्यात शेती करू लागले. त्यांनी एक ट्रॅक्टर घेतला. तो मोडला. पैसे खर्चून दुरुस्त केला, तर पुन्हा मोडला. आणि लवकरच त्यांच्या गाठीचा पैसाही संपला. तेव्हा, शेतकऱ्याला स्वतः बांधता येईल व स्वतः दुरुस्त करता येईल असाच ट्रॅक्टर हवा, असे त्यांनी ठरविले.

त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी बांधलेला ट्रॅक्टर दिसायला ओबडधोबड आहे. पण त्याची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. त्याचा सांगाडा चार इंची चौकोनी पोलादी नळ्यांचा असून त्या नळ्या बोल्टांनी जोडलेल्या असतात. त्यामुळे सांगाडा खोलता येतो, लांबविता येतो, मोडलेली नळी तेवढीच बदलता येते. इंजिन व तेलाचा दाब निर्माण करणारा पंप एका स्वतंत्र पेटीवजा चौकटीत बसविलेले असतात. दाबाखालील तेल नळ्यांतून चाकांकडे जाते व चाके फिरविते. ही चौकट ट्रॅक्टरवरून काढून मातीच्या विटा दाबणाऱ्या यंत्राला जोडली, की ते यंत्र चालू होते. एकच शक्तिकेंद्र अनेक यंत्रांच्या कामी येते. याच पद्धतीने माणसाच्या नित्य गरजेच्या पन्नास यंत्रांचे आराखडे तयार करून ते सर्वांस खुले करावयाचे, असा संकल्प त्यांनी सोडला.

पन्नास यंत्रांचे आराखडे एकट्या माणसाने कसे काढावेत? येथे महाराष्ट्रातील खेड्यांची एक जुनी रीत आठवते. एखाद्या शेतकऱ्याची नांगरट मागे पडली, म्हणजे गावातील शेतकरी आपापले बैल व नांगर घेऊन त्याच्या रानात जमत आणि एका दिवसात काम उरकून टाकीत. मजुरी कोणी घेत नसे. घरधनी सर्वांना जेवू घालीत असे. हिला इर्जिक म्हणतात. ट्रॅक्टर आले आणि इर्जिक मागे पडली. आता दूरदेशी त्या ट्रॅक्टरसाठीच इर्जिक घालण्यात येत आहे! फरक इतकाच, की हे मदतनीस बैल घेऊन येत नाहीत; ते आपल्या घरी संगणकापुढे बसून आराखड्याचा आपापला वाटा उचलतात.

संगणकावरील आकृती ही कागदावरील चित्रासारखी सपाट नसते. ती फिरवून मागून व खालून पाहता येते. नळीची जाडी बदलली, की आकृती नीट बांधलेली असल्यास तिच्यावर अवलंबून असलेली इतर मापेही बदलतात. बोल्ट, नट, बेअरिंग यांच्या आकृती एकदा काढून संग्रहात ठेवलेल्या असतात; त्या पुन्हा काढाव्या लागत नाहीत. एक जण सांगाडा काढतो, दुसरा चाकाची बैठक काढतो, तिसरा आसन काढतो. कोणते भोक कोठे यावे, एवढे आधी ठरलेले असले, की एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांचे काम जुळून येते. शेवटी लागणाऱ्या सामानाची यादी तयार होते. त्या यादीत प्रमाणित भाग जितके अधिक, तितके ते यंत्र दूरच्या खेड्यातही बांधणे सुकर. ज्या साधनाने हे काम चालते, त्यांपैकी ‘फ्रीकॅड’ हे स्वतःच अशा सहकार्यातून घडलेले आहे. २००२ साली ते प्रथम प्रसिद्ध झाले आणि बावीस वर्षांच्या श्रमानंतर, नोव्हेंबर २०२४ मध्ये, त्याची पहिली पूर्ण आवृत्ती बाहेर पडली.

या पद्धतीचे फळ इंग्लंडातही दिसून आले आहे. बाथ येथील विद्यापीठातील एड्रियन बॉयर यांनी २००५ साली ‘रेपरॅप’ हा उपक्रम हाती घेतला. वितळलेल्या प्लॅस्टिकचे थरावर थर देऊन वस्तू घडविणारे यंत्र तेव्हा फार महाग असे. आपल्यासारख्याच दुसऱ्या यंत्राचे पुष्कळसे भाग स्वतःच घडवील असे स्वस्त यंत्र तयार करावे, आणि उरलेले भाग म्हणजे दांडे, नट, बोल्ट, मोटारी हे बाजारातून घ्यावेत, ही त्यांची कल्पना. २००८ च्या मे महिन्यात एका यंत्राने घडविलेल्या भागांपासून दुसरे यंत्र उभे राहिले. आराखडा सर्वांस खुला असल्यामुळे देशोदेशींच्या लोकांनी ते बांधले, त्यातील उणिवा दूर केल्या आणि सुधारलेला आराखडा पुन्हा सर्वांच्या स्वाधीन केला.

खुला आराखडा याचा अर्थ दुसऱ्याचा आराखडा चोरणे असा नव्हे. स्वतः काढलेली आकृती स्वखुशीने इतरांना देणे, हा त्याचा अर्थ. ती कोणीही वापरावी, तीत बदल करावा, यंत्र बांधून विकावे. मात्र मूळ कर्त्याचे नाव सांगावे व आपली सुधारणाही खुली ठेवावी, अशी अट पुष्कळदा घातलेली असते. घेणाऱ्याने देतेही व्हावे, हेच या अटीचे सार.

हा मार्ग सोपा आहे, असे मात्र कोणी समजू नये. संकल्पित पन्नास यंत्रांपैकी पुष्कळ अद्याप पूर्णत्वास गेलेली नाहीत. उत्साहाने काम आरंभणारे अनेक असतात. ते तडीस नेणारे थोडे. शिवाय संगणकाच्या पडद्यावर बोल्ट नेहमीच नीट बसलेला दिसतो. तो आवळण्यासाठी पाना फिरवावयास जागा आहे की नाही, हे प्रत्यक्ष हात घातल्यावरच कळते. एखादे माप चुकले, तर दूर देशातील कोणा अनोळखी माणसाचे पोलाद, पैसा व श्रम वाया जातात. प्रसंगी त्याच्या जिवावरही बेतते. म्हणून येथे वेतन नसले तरी जबाबदारी असतेच. ‘येथे माझे चुकले, असे करू नका,’ असे प्रांजळपणे लिहून ठेवणारा मनुष्य या कामात सुंदर आकृती काढणाऱ्याइतकाच मोलाचा ठरतो.

महाराष्ट्रालाही ही दृष्टी परकी नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकावे, हे तेथील शिक्षणाचे तत्त्व. संगणकावरील आकृतीवरून वस्तू घडविणारी आणि आपले ज्ञान इतर प्रयोगशाळांना देणारी ‘फॅब लॅब’ही २००२ साली तेथे सुरू झाली. खेड्यातील मुलाने यंत्राकडे केवळ कुतूहलाने न पाहता ते खोलावे, समजून घ्यावे व घडवावे, हीच त्यामागील भूमिका होय.

‘गाव करी ते राव न करी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. बाल्टिमोरच्या रस्त्यांवर माणसांची मने जुळली होती, पण आटे जुळले नाहीत. आज आटे जुळले आहेत. त्यांच्या साह्याने जी यंत्रे उभी राहतील, त्यांचे ज्ञान कुलपात राहावे की गावात नांदावे, हे मात्र माणसांच्या मनांवरच अवलंबून आहे.